आज कुठवर दिसलो?

वेनशूच्या नाकासमोर दोन सपाता येऊन थांबल्या. निळे पट्टे, पांढरे तळ, आणि त्यांच्याभोवती पावसाचं पाणी साचायला लागलेलं.

तिला एवढंच दिसत होतं, आणि तेही धूसर. वेनशू दवाखान्याच्या वॉर्डात पलंगावर पालथी पडली होती, तोंड मधे भोक असलेल्या उशीत, नजर फरशीवर. आदल्या दिवशी तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. सुटलेला पडदा जागेवर बसवून डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरून ठेवला होता. तो पडद्याला आतून दाबून धरणार, आणि त्यानं नीट दाबावं म्हणून दोन आठवडे मान खाली. झोपताना खाली, जेवताना खाली, भांडताना सुद्धा खाली. डावा डोळा तर एकोणिसाव्या वर्षीच याच दुखण्यानं गेला होता. त्याला रंग तेवढे कळायचे.

"आजोबा, खुर्ची आणलीय तुमची," सपाता म्हणाल्या.

"मी आजोबा नाही," वेनशू फरशीला म्हणाली.

"बारा नंबरचा पलंग ना हा?"

"दहा. चष्मा पुसा आधी."

वरती शर्टाच्या टोकानं काच पुसल्याचा आवाज झाला. जन्मभर चष्मा लावणाऱ्याला तो आवाज बरोबर ओळखू येतो.

"दहाच आहे," सपाता ओशाळून म्हणाल्या. "थेंब होते काचेवर. आणि माझा नंबर चौदाशे आहे, त्यामुळे…"

उणे चौदाला आमच्या तैवानात चौदाशेच म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं, आणि ज्याच्या नाकावर तो असतो त्याला त्याचं वजन ठाऊक असतं.

"चौदाशे? बस, एवढाच?" वेनशू म्हणाली. "माझा सोळाशे."

"मग तुम्ही आमच्या थोरल्या. नमस्कार करतो."

वेनशूला हसू आलं, आणि हलायचं तर नव्हतं. हसू दाबताना तिची मान अशी ठणकली की तोंडून कण्हणं निघालं. सपाता लगेच वाकल्या. उशी चुकीची लावलीय, दोन बोटं वर घेऊ का, असं त्यानं विचारलं, आणि तिनं हो म्हणताच काहीतरी अलगद सरकवलं. कालपासून ठणकणारी मान एकदम गप्प बसली. तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्याचं नाव विचारून घेतलं.

त्याचं नाव बोयान. पालथं बसायच्या खुर्च्या बनवून तो भाड्यानं देत असे. चार वर्षांपूर्वी त्याच्याही एका डोळ्यात असाच बुडबुडा होता, आणि तेव्हा मिळालेली खुर्ची इतकी वाईट होती की बरा झाल्यावर त्यानं कारखान्यातली नोकरी सोडली आणि स्वतःच खुर्च्या बनवायला घेतल्या.

"रागानं?" वेनशूनं विचारलं.

"रागानं. मान खाली घालून पंधरा दिवस बसलं की राग साठतो. बघालच तुम्ही."

एव्हाना बारा नंबरचे आजोबा दोनदा खाकरले होते, तेव्हा सपाता निघून गेल्या. फरशीवरचं पाणी मात्र बराच वेळ तिथंच होतं, आणि वेनशू त्याच्याकडे बघत राहिली. दुसरं बघायला होतं काय?

वेनशू लीशानची, दोन हजार मीटर उंचीवरच्या चहाच्या गावातली. बाबांचा तिथं लहानसा मळा आहे. चहा भाजून तयार झाला की त्यातल्या काड्या हातानं निवडाव्या लागतात, आणि हे काम वेनशूसारखं गावात कुणालाच जमत नसे. ती चष्मा काढायची, मूठभर चहा नाकाशी धरायची, आणि धडधाकट डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी काडी उचलून बाजूला टाकायची. आता हे सगळं एकाच डोळ्यावर उभं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं होतं. पडदा बसेल, पण त्याचा मधला भाग तीन दिवस सुटलेला होता, आणि बारीक नजर असते ती तिथंच. बुडबुडा उतरून मधलं दिसायला लागलं की बघायचं. सरळ गोष्टी वाकड्या दिसल्या, तर मधला भाग नीट बसला नाही असं समजायचं.

दुसरी ताकीद डोंगराची. वर हवा विरळ, तिथं बुडबुडा फुगतो, आणि फुगलेला बुडबुडा डोळा कायमचा घालवतो. म्हणजे तो विरून जाईपर्यंत, दीड-दोन महिने तरी, तिचं घर तिला बंद झालं होतं. म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर ती खाली ताइचुंग शहरात आत्याकडे राहायला आली. आणि ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी आत्यानं बोयानची खुर्ची मागवली.

खुर्ची उत्तम होती. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या आठवडाभरात वेनशूनं तिचा स्क्रू सैल झाल्याची तक्रार तीनदा केली.

बोयान तिन्ही वेळा आला. गुडघ्यांवर बसून तो घट्टच असलेला स्क्रू आणखी घट्ट करायचा, आणि त्याला तासभर लागायचा. दुसऱ्या खेपेला तो साबुदाण्यासारख्या काळ्या गोळ्यांचा दुधाळ चहा घेऊन आला.

"हा चहा नाही," वेनशू वास घेऊन म्हणाली. "ही चहाची बेअब्रू आहे."

"मान खाली घालून कपातला चहा पिऊन दाखवा मग. नळी लागते. आणि एवढी जाड नळी फक्त याच्याबरोबर मिळते."

तिनं प्यायला. सगळा प्यायला, तळाच्या गोळ्यांसकट.

"कसा होता?"

"वाईट. उद्या आणखी एक आणा."

"उद्या स्क्रू सैल व्हायचाय का?"

वेनशूचे कान तापले. मान खाली असली की चेहरा लपतो, एवढंच तिच्या लक्षात होतं. कान लपत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोयानलाही ते सांगायची घाई नव्हती.

तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, तुमचा डोळा कितपत बरा झाला. तो म्हणाला की त्या डोळ्यानं विजेचे खांब अजूनही कमरेत वाकलेले दिसतात. दुसरा डोळा चांगला आहे म्हणून निभावतं. वेनशूला दुसरा डोळा नव्हता.

"तुला भीती वाटते?" त्यानं विचारलं. हा 'तू' त्याच्या तोंडून निसटला असावा, कारण लगेच त्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला.

"वाटते," ती म्हणाली. "तू विचारलंस म्हणून सांगतेय. आत्याला सांगितलं नाहीये."

त्यानं धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. तिच्या नाकासमोरच्या फरशीवर तो नुसता हात टेकून बसून राहिला. तिला त्या हाताचा रंग तेवढा दिसत होता, आणि तो तिथून हलू नये असं तिला फार वाटत होतं.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी पाऊस असा लागला की खिडकीवरच्या पत्र्यापुढे दुसरं काही ऐकू येईना. चार वाजत आले होते, बोयानची यायची वेळ; तक्रार नसली तरी आता तो रोज चारला येत असे. दार वाजलं, आत्या काहीतरी पुटपुटली, आणि निळ्या-पांढऱ्या सपाता येऊन वेनशूसमोर उभ्या राहिल्या. आमच्यात बाहेरच्या चपला दारात काढायच्या आणि घरातल्या सपाता घालून आत यायचं. निळ्या-पांढऱ्या सपाता तैवानात घरोघरी असतात; आत्याच्या घरात पुरुषमाणसासाठी तो एकच जोड होता, आणि गेले आठ दिवस तो एकट्या बोयानच्या पायात होता.

सपाता बोलेनात. काहीतरी बोलायचं असून धीर होत नसावा, असं वेनशूला वाटलं. तिचाही होत नव्हता, पण तिनं केला.

"ऐक. आज मीच बोलते. तू मधे काही म्हणू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल." तिनं श्वास घेतला. "स्क्रू कधीच सैल नव्हता. तिन्ही वेळा खोटं बोलले. तुला बोलवायला दुसरं काही सुचलं नाही… हा बुडबुडा गेला की बाबा न्यायला येतील, आणि मी जाईनसुद्धा. पण तिथं कुठल्या खुर्चीचा स्क्रू सैल करू मी? तुझा चेहरा कसा आहे तेही मला ठाऊक नाही. तरी दुपारचे तीन वाजले की मी चार वाजायची वाट बघते… झालं. आता बोल."

सपाता बोलल्या नाहीत. मग कुणीतरी घसा खाकरला. खरखरीत, तंबाखूनं जाड झालेला, एकतीस वर्षांच्या ओळखीचा घसा.

"कुठला स्क्रू म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

अशा वेळी माणसाला वाटतं, धरणीनं पोटात घ्यावं. वेनशूच्या तर ती नाकासमोरच होती, पण तिनं काही घेतलं नाही. आणि उठून पळायचं म्हटलं तर मान वर करायला बंदी.

बाबा दुपारच्या गाडीनं डोंगर उतरून आले होते. वसंतातली तोडणी तोंडावर होती, काड्या निवडायला माणूस नव्हतं. चार तासांचा तर रस्ता, डोळे मिटून बसायचं, असा हिशोब करून ते लेकीला न्यायलाच आले होते. पण आत येऊन तिला अशी ओणवी बसलेली पाहिली आणि त्यांच्या घशातून आवाज फुटेना. हे त्यांनी नंतर आत्याला सांगितलं. वेनशूला त्या वेळी एवढंच कळलं की बाबा खुर्चीवर चिकटवलेला दुकानाचा नंबर फोनवर दाबताहेत.

"खुर्चीचा स्क्रू सैल आहे," बाबा म्हणाले. "नाही, ती नाही बोलत. तिचा बाप बोलतोय."

बोयान वीस मिनिटांत आला, नखशिखांत भिजून. सपाता बाबांच्या पायात असल्यामुळे त्याला अनवाणीच उभं राहावं लागलं. बाबांनी त्याला घरचं विचारलं, धंद्याचं विचारलं, आणि आई-वडील कुठले ते दोनदा विचारलं. तो हळू आवाजात, चाचरत उत्तरं देत होता. मग बाबा म्हणाले की उद्या सकाळच्या गाडीनं आपण पोरीला घेऊन जातोय, आणि त्याचं चाचरणं एकदम थांबलं.

"नाही काका," तो म्हणाला. "वाटेतली खिंड तुमच्या गावाहूनही उंच आहे. तिथं बुडबुडा फुगेल आणि डोळा जाईल. डोळे मिटून काही होत नाही. तुम्हाला माझा राग आला तर येऊ दे, मी उद्यापासून इथं पाऊलही टाकणार नाही. पण तिला नेऊ नका."

बाबांनी त्याच्या भिजलेल्या चष्म्याकडे निरखून पाहिलं.

"चष्म्याचा नंबर किती तुमचा?" बाबांनी विचारलं.

"चौदाशे."

"हिचा सोळाशे. म्हणजे तीन हजार." बाबांनी उसासा टाकला. "पोरं आईच्या पोटातूनच चष्मा मागतील."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत गेले. जाताना आत्याजवळ चहाचा एक डबा ठेवला, त्या मुलाला जरा खरा चहा पाजा म्हणून. आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की यंदा काड्या मीच निवडीन, गिऱ्हाइकांना काड्यांचाच चहा पिऊ दे.

दोन आठवडे संपले, मान वर करायला परवानगी मिळाली. वेनशूनं जुना जाडजूड चष्मा लावला, पण समोर नुसतं दूध होतं. मग काही दिवसांनी त्या दुधाच्या वरच्या कडेला उजेडाची एक पट्टी आली. बुडबुडा जसजसा लहान होत होता तसतसं जग तिला वरून खाली दिसू लागलं. वर स्वच्छ, खाली डचमळणारं, आणि मधे एक हलती रेघ. ही रेघ रोज थोडी खाली सरकायची.

बोयान खुर्ची परत न्यायला आला आणि न नेताच गेला. असं बरेच दिवस चाललं. आत्यानं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त चार वाजता पाणी उकळायला ठेवायला लागली. तो समोर येऊन बसायचा, वेनशू सरळ बघायची, आणि तो विचारायचा, "आज कुठवर दिसलो?"

"केस. विंचरत नाहीस वाटतं."

दुसऱ्या दिवशी ते विंचरलेले होते, भांग पाडून.

"कपाळ. बरंच मोठं आहे."

"अक्कल असते त्यात."

"जागा आहे, एवढंच दिसतंय."

मग भुवया आल्या. एक वर, एक खाली, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, तू अशी रोखून बघतेस म्हणून. आणि एका दुपारी डोळे आले. चौदाशेच्या काचांमागे एवढेएवढेसे दिसणारे, भित्रे, आणि दोन्ही तिच्याकडेच लागलेले. त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. चहा गार झाला. वेनशूला कळून चुकलं की आता हा माणूस आपल्याला रोज हवा, चारला नव्हे, सकाळी उठल्यापासून.

त्यानंतरच्या शुक्रवारी रेघ नाकाखाली उतरली.

आणि नाक वाकडं होतं. भुवयांमधून सरळ निघून अर्ध्यावर ते एकदम डावीकडे वळत होतं. वेनशूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाक तसंच. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिच्या कानात वाजायला लागले. दुसऱ्या कशाकडे बघून खात्री करून घ्यायची तिची हिंमत झाली नाही. दार, कपाट, खिडकी, सगळीकडून तिनं नजर काढून घेतली आणि आपल्याच हातांकडे बघत बसली.

"आज कुठवर?" बोयाननं विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"आज नको," ती म्हणाली. "बोयान, आज खुर्ची घेऊन जा. आणि उद्यापासून येऊ नकोस."

तो उठला नाही. "काय झालं?"

"माझं काम गेलं. काडी कधी दिसायची नाही मला आता… तुझ्याजवळ एकच धड डोळा आहे. तो मला हाताला धरून रस्ता ओलांडून देण्यात घालवू नकोस. मला नाही चालणार ते."

"काम गेलं असं कोण म्हणालं?"

"मला दिसतंय ना. म्हणजे दिसत नाहीये —" तिचा आवाज चिरकला. "तुझं नाक वाकडं दिसतंय मला."

बोयान हसला नाही. हसला असता तर तिनं त्याला जन्मात माफ केलं नसतं. त्यानं आपली खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.

"डोळे मीट," तो म्हणाला.

त्यानं तिचं बोट आपल्या भुवयांच्या मधे टेकवलं आणि हळूहळू खाली आणलं. बोट सरळ उतरलं, हाडाच्या एका गाठीशी अडखळलं, आणि तिथून डावीकडे वळलं.

"सतराव्या वर्षी स्कूटरवरून पडलो," तो म्हणाला. "चष्मा वाचवायला दोन्ही हातांनी चष्मा धरला, आणि नाक आपटलं. आई अजून म्हणते, चष्मा नवा आणता आला असता."

वेनशूनं बोट पुन्हा वर नेलं आणि आपलं आपण खाली आणलं. तीच गाठ, तेच वळण, अगदी डोळ्यांना दिसलं होतं तिथंच. तिनं डोळे उघडले आणि मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकीला लोखंडी गज होते, उभे, सहा. तिनं ते डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले.

"काय?" बोयाननं घाबरून विचारलं. चष्म्याशिवाय त्याला तिचा चेहरा काही दिसत नव्हता. "काय दिसतंय?"

"गज सरळ आहेत," वेनशू म्हणाली, आणि रडायला लागली. डोळ्याला बऱ्याच गोष्टींची मनाई होती, पण रडायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं.

तो तिचा हात धरून बसला. जरा वेळानं ती नाक पुसत म्हणाली, "आधी सांगता येत नव्हतं तुला?"

"मुलीला पहिल्यांदा भेटल्यावर कुणी सांगतं का, की माझं नाक वाकडं आहे? म्हटलं, दिसेल तेव्हा दिसेल. पण रोज धास्ती होती मला. केस झाले, कपाळ झालं, आता नाकावर येणार… रोज उगाच विचारत होतो का मी?"

वेनशू त्याच्याकडे बघत राहिली. हा आपल्याला दिसण्याची वाट बघत होता, आणि त्याच वेळी आपल्याला दिसण्याला भीतही होता. तरी रोज चारला येऊन समोर बसत होता, पावसातून. तिचं मन असं भरून आलं की थट्टा करायचं तिला सुचेना, आणि ती सरळच बोलली.

"मला आवडतं तुझं नाक. तू आवडतोस. बुडबुडा गेला की मी वर जाणार आहे, काड्यांचा ढीग पडला असेल तिथं. तू येशील?"

"काड्या निवडायला?"

"नाही. माझ्याबरोबर."

"मला वर यायला कुठल्याच डॉक्टरची मनाई नाही," बोयान म्हणाला. मग हे उत्तर पुरेसं नाही असं त्यालाच वाटलं असावं. "येतो, वेनशू. तू म्हणशील तितके दिवस येतो."

तिनंही चष्मा काढला आणि त्याच्या चष्म्याशेजारी ठेवला. मग त्या दोघांना चष्म्याशिवाय एकमेकांना नीट दिसायला जेवढं जवळ यावं लागतं, तेवढे ते जवळ आले. आतून आत्या चहा घेऊन निघाली होती, ती दारातून मागे फिरली आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.